घरपट्टीवरची सूट

नोकरी जाऊन चार महिने झाले होते आणि घर सरकारी भत्त्यावर चाललं होतं, तेव्हा मी आमच्या घराची वर्षभराची घरपट्टी एका दमात भरून टाकली. कौन्सिलने, म्हणजे इथल्या सिडनीतल्या नगरपालिकेने, ती चार हप्त्यांत मागितली होती आणि पहिल्या हप्त्यालाही ऑगस्ट संपेपर्यंत वेळ होता. मी जुलैतल्या एका सकाळी, डाव्या हातात चहाचा कप धरून, उजव्या हाताने चारही हप्ते भरले, आणि स्वतःवर खूश होऊन आणखी एक चहा केला.

हे मी का केलं ते कळायला आधी माझे वडील कळायला हवेत. बाबा पुण्यात राहतात, चौथ्या मजल्यावर. घरपट्टीचं बिल आलं की पहिल्या आठवड्यात ते भरून मोकळे होतात, कारण तिथे लवकर आणि पूर्ण भरणाऱ्याला सूट मिळते. सूट काही फार नसते. पण पावती हातात घेऊन बाबा जिना चढतात तेव्हा प्रत्येक मजल्यावर थांबतात आणि कुणी विचारलेलं नसताना सांगतात, "झाली बुवा भरून." ज्यांची भरायची राहिलेली असते त्यांच्याकडे ते दाढी न करता लग्नाला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. आमच्या घरात देवधर्म बेताचाच होता. पण मिळणारी सूट सोडायची नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं.

इतकी वर्षं सिडनीत राहून ही शिकवण वापरायची संधी मला मिळाली नव्हती, कारण बिलं बायको भरायची. मी विमानतळाजवळच्या एका मोठ्या स्वयंपाकघरात सुपरवायझर होतो. विमानांत जे जेवण मिळतं, आणि ज्याला लोक नावं ठेवतात, ते आमच्याकडून जायचं. माझ्या शिफ्टना काही धरबंध नसल्यामुळे लाइट, पाणी, गॅस, घरपट्टी, गाडी, सगळं तिच्याकडे. मग साथ आली, विमानं जमिनीवर बसली, आणि उडतच नाहीत तर जेवणार कोण? मार्चअखेर आम्हा साठ जणांना एका हॉलमध्ये दीड-दीड मीटरवर उभं करून 'थँक यू' म्हणण्यात आलं. एप्रिलमध्ये बायकोने बिलांची फाइल माझ्यापुढे ठेवली. "घरी आहेस तर आता हे तू बघ."

ती पाळणाघरात काम करते. पाळणाघरं चालूच राहिली, कारण नर्सांची आणि ट्रकवाल्यांची पोरं कुठेतरी ठेवायला हवीत. सकाळी साडेसहाला दार उघडायचं काम तिचं.

तर, सगळे हप्ते भरले. भरल्यावर मी पावतीत सूट शोधली. कुठे दिसेना. म्हटलं, नंतर वजा करून पाठवत असतील. इकडे सगळं सिस्टीमने होतं, वेळ लागतो. रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नोकरी गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. 'सध्या घरूनच काम आहे,' एवढंच सांगितलं होतं. विमानातलं जेवण घरून कसं पाठवतोस, हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांच्या या मोठेपणाची मला अजून आठवण आहे.

"घरपट्टी भरलीस का?" बाबांनी विचारलं. हा त्यांचा 'जेवलास का' आहे.

"भरली. वर्षाची. एकदम."

बाबांचा चेहरा उजळला. माझ्या पदवीला उजळला नव्हता तितका. "शाब्बास! सूट किती?"

"पाच टक्के," मी म्हणालो.

तोंडातून गेलं खरं. एका चांगल्या कामाला दुसऱ्या चांगल्या कामाने टेकू द्यावा तसं वाटलं. पुढच्या दोन दिवसांत ही बातमी पुण्यातल्या चारही मजल्यांवर पोचली. ऑस्ट्रेलियातसुद्धा सूट आहे म्हटल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनीही म्हणे लगेच पैसे भरले.

सोमवारी संध्याकाळी बायको कामावरून आली, हात धुतले, पुन्हा धुतले, मास्क टोपलीत टाकला आणि म्हणाली, "रेगोचं पत्र आलंय. चौदा ऑगस्ट. गाडीच्या खात्यातून भरून टाक."

रेगो म्हणजे गाडीचं वर्षाचं रजिस्ट्रेशन. त्याच्याबरोबर सक्तीचा विमा आणि जुन्या गाडीची तपासणी. हे तिन्ही झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणली तर दंड एवढा की गाडीच देऊन टाकावी. आणि गाडीचं खातं म्हणजे ज्या खात्यात बायको वर्षभर आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकायची, ते. ज्यातून मी घरपट्टी भरली, तेही तेच. मला वाटलं होतं ते सर्वसाधारण बचतीचं खातं आहे. त्याला 'गाडी' असं नाव दिलेलं होतं, हे खरं. पण बेकार माणसाला रक्कम दिसते, नाव दिसत नाही.

मी सांगितलं.

रेगोचं पत्र तिने मीठ-मिरचीच्या डब्यांच्या मधे उभं करून ठेवलं, म्हणजे जेवताना माझ्यासमोर राहील. मग म्हणाली, "पहिली बस सहा चाळीसला आहे. मला साडेसहाला दार उघडायचं असतं." एवढंच. घरात त्या वेळी पगार म्हणून जी काही गोष्ट येत होती ती त्या दारातून येत होती.

"माझ्या भावाला विचारू?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"नको," मी म्हणालो. मेव्हणा मेलबर्नला वेरिबीत राहतो आणि मदत मागितली तर लगेच करतो. अशा माणसाकडे मागणं फार अवघड. निवृत्तीच्या फंडातून काढता येत होते तेवढे आम्ही आधीच काढून घराच्या कर्जात घातले होते. क्रेडिट कार्डाची गोष्ट विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलला फोन केला. पैसे परत मागायचे हे मनात होतं, पण एकदम तसं म्हणवेना. म्हणून सवलतीपासून सुरुवात केली. भत्ता सुरू झाल्यावर सरकारने मला सवलतीचं एक कार्ड पाठवलं होतं. ते मी पाकिटात उलटं ठेवायचो, दुकानात पाकीट उघडल्यावर कुणाला दिसू नये म्हणून. आज मात्र त्या कार्डाला काहीतरी कामाला लावू म्हटलं.

"घरपट्टीत सवलत पेन्शनरांना आहे," फोनवरची बाई म्हणाली. "तुम्ही पेन्शनर आहात का?"

"नाही. पण माझ्याकडे कार्ड आहे."

"कुठलं?" मी सांगितलं. "ते नाही चालत. त्यावर औषधं स्वस्त मिळतील."

"मला काही झालेलं नाही."

"गुड ऑन यू," ती म्हणाली.

तर घरपट्टीच्या हिशेबाने मी पुरेसा म्हातारा नव्हतो. नोकरीचे अर्ज ज्यांनी ज्यांनी परत केले होते त्यांचं मत बरोबर उलटं होतं. अठ्ठेचाळीस हे वय कुठल्याच खिडकीवर चालत नाही.

आता मला अशा मदतीसाठी आधीच रांगेत उभं राहिलेल्या माणसाशी बोलायचं होतं, आणि असा माणूस मला एकच माहीत होता: आमच्या मराठी मंडळाचे माजी खजिनदार. त्यांची माझी नवी ओळख एप्रिलमध्ये झाली होती. जुनी ओळख पंधरा वर्षांची. ब्लॅकटाउनला भत्त्याच्या ऑफिसबाहेर रांग होती, चौकाला वळसा घालून गेलेली. मी रांगेच्या शेवटी पोचलो तर पुढच्या पिवळ्या खुणेवर हे उभे.

"अरे! इकडे कुठे?" ते म्हणाले.

"बँकेत आलो होतो," मी म्हणालो. बँक शेजारीच होती.

"मीपण," ते म्हणाले.

मग आम्ही दोघं एकापाठोपाठ एक, त्याच रांगेत, पावणेदोन तास बँकेत निघालो होतो. हवापाण्याबद्दल बोललो. मुलांच्या अभ्यासाबद्दल बोललो. दर दहा मिनिटांनी एक पाऊल बँकेच्या पुढे गेलो. मला आठवत होतं, आणि त्यांनाही आठवत असणार, की सहा महिन्यांपूर्वी दिवाळीच्या जेवणात आम्ही दोघांनीच, हातात श्रीखंडाच्या वाट्या घेऊन, जोरात भाषण ठोकलं होतं: आपण टॅक्स भरायचा आणि इथल्या ऐतखाऊ लोकांनी घरी बसून बियर प्यायची! खजिनदार म्हणाले होते, "काम करायचं नाही, बस." मी म्हणालो होतो, "सवय लागते हो त्यांना." दोघांनी दोनदा श्रीखंड घेतलं होतं. तेही मंडळाचं, म्हणजे तसं फुकटच.

दाराशी पोचल्यावर त्यांनी आत जाताना मागे वळून एवढंच म्हटलं, "बँकेत आज गर्दीच आहे." मी म्हटलं, "हो ना." तेव्हापासून आमचं फार जमतं.

त्यांना फोन केला. घडलं ते सांगितलं. ते आधी हसले, मग खोकले, मग खोकला साधा आहे, टेस्ट केली आहे, असं सांगितलं आणि म्हणाले, "हार्डशिपचा फॉर्म भर, पैशांची अडचण असणाऱ्यांसाठी असतो तो. कौन्सिलच्या वेबसाइटवर आहे. मी दोनदा भरलाय."

"तुम्ही?"

"मग काय? पहिल्या वेळी दार लावून भरतो. दुसऱ्या वेळी आपण फॉर्ममधल्या चुका काढायला लागतो."

फॉर्म दोन पानी होता. नाव, पत्ता, उत्पन्न, कोण कोण घरात. शेवटी एक रिकामी चौकट: तुमची परिस्थिती थोडक्यात लिहा. या चौकटीने माझे दोन दिवस खाल्ले. मी लिहीत गेलो. वाणिज्य शाखेची पदवी, प्रथम श्रेणी. अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र. बावीस माणसांच्या टीमचं नेतृत्व. सलग तीन वर्षं एकही तक्रार नाही. आजवर कुठलंही बिल थकवलेलं नाही, हे वाक्य तर मी ठळक अक्षरात लिहिलं. शेवटी, 'प्रतिकूल जागतिक परिस्थितीमुळे सध्या तात्पुरत्या स्वरूपाची रोखतेची अडचण जाणवत आहे.'

बायकोने वाचलं. "हा नोकरीचा अर्ज आहे," ती म्हणाली. "कौन्सिल तुला मुलाखतीला बोलवेल."

आमची मुलगी, सोळा वर्षांची, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिने लॅपटॉप ओढून घेतला, खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "डॅड, यू साउंड रिच."

"मग काय लिहू? भिकारी झालोय असं?"

"जस्ट से व्हॉट हॅपन्ड." आणि तिने माझा मजकूर सगळाच्या सगळा निवडून एका बोटाने उडवला. प्रथम श्रेणीसकट. तिथे तिने इंग्रजीत चार वाक्यं लिहिली, ती मराठीत अशी होतात: माझी नोकरी गेली. मी चुकून सगळ्या वर्षाचे पैसे भरले. त्यात माझ्या बायकोच्या गाडीच्या रजिस्ट्रेशनचे पैसे होते. ती गाडीने कामाला जाते आणि आमच्याकडे सध्या तेवढंच काम आहे.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. "यात माझ्याबद्दल काहीच नाही," मी म्हणालो.

"एक्झॅक्टली," मुलगी म्हणाली, आणि पाठवायचं बटण दाबलं.

नंतरचे दिवस मी पत्र मिठाच्या डब्याला टेकून उभं असलेलं पाहत जेवलो. चौदा ऑगस्टला शुक्रवार होता. आदल्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत काहीच नाही. त्या संध्याकाळी बायको बसच्या थांब्यापर्यंत चालत गेली, घड्याळ लावून. परत आली आणि म्हणाली, "पंधरा मिनिटं." मग पाळणाघराच्या बाईंना फोन करून, साडेसहाऐवजी साडेसातची शिफ्ट मिळेल का, असं विचारलं. मी बाहेर व्हरांड्यात होतो, पण काच बंद नव्हती. साडेसातला माणसं होती, असं कळलं. शिफ्ट बदलली तर दिवसही कमी होणार होते. "नाही, नाही, मी करते काहीतरी," ती म्हणाली. तिचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हा आवाज मी बाबांसमोर 'घरूनच काम आहे' म्हणताना वापरतो.

बुधवारी सकाळी कौन्सिलचा फोन आला. तीच बाई की दुसरी, कळलं नाही. इथे सगळ्या बायकांचा फोनवरचा आवाज मला एकाच मोठ्या बहिणीचा वाटतो.

"तुमचा हार्डशिपचा अर्ज माझ्यासमोर आहे," ती म्हणाली. "मला एक गोष्ट समजत नाहीये. सहसा लोक आम्हाला पैसे देऊ शकत नाहीत म्हणून हा फॉर्म भरतात."

"हो."

"तुम्ही सगळे दिलेत. मुदतीच्या एक महिना आधी."

"हो."

"म्हणजे तुम्ही अडचणीत आलात ते आम्हाला पैसे देऊन."

"असं म्हणता येईल."

"का दिलेत पण?"

"सूट मिळेल म्हणून."

"आम्ही सूट देत नाही."

"ते भरल्यावर कळलं."

"सूट आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? वेबसाइटवर आहे का कुठे?"

"नाही. पुण्यात असते."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग लक्षात आलं, ती फोन बाजूला धरून हसत होती. "सॉरी," ती परत येऊन म्हणाली, "अठरा वर्षं मी इथे आहे. इतक्या लवकर भरून अडचणीत आलेला माणूस पहिलाच." मग सरळ आवाजात, "तुम्ही सध्या काम करत नाही, बरोबर?"

त्या चार महिन्यांत मी ते वाक्य कुणालाही म्हटलं नव्हतं. बाबांना नाही, मंडळात नाही, रांगेत शेजारी उभ्या माणसाला नाही. दर पंधरा दिवसांनी भत्त्यासाठी अहवाल द्यावा लागे, बायकोने किती कमावलं, मी किती, तिथेही मी फक्त शून्य टाकायचो. शून्य टाकायला तोंड लागत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी बेकार आहे."

आढ्याकडे पाहिलं. ते जागेवर होतं.

"नो वरीज," ती म्हणाली. "आडनावाचं स्पेलिंग सांगा."

पहिला हप्ता ठेवून बाकीचे तीन ते परत करणार होते, आणि ते पुढे जसजसे येतील तसतसे, जमलं नाही तर आणखी लांबवून, भरायचे. पाच ते दहा दिवस लागतील, असं ती म्हणाली. मी सांगितलं की पुढच्या शुक्रवारी रेगो संपतो. "फॉर्ममध्ये आहे ते," ती म्हणाली. "तेच तर मी वाचलं. फार छान लिहिलंय तुम्ही. एकदम मुद्द्याचं." मी थँक्यू म्हणालो. मुलगी समोरच टोस्ट खात बसली होती. हे श्रेय मी तिला देणार होतो, पण फोन तोवर ठेवला गेला.

पैसे पुढच्या बुधवारी आले. त्याच दिवशी दुपारी गाडीची तपासणी करून घेतली. एक मागचा दिवा बदलावा लागला. विमा घेतला आणि मग रेगो. स्क्रीनवर विचारलं होतं: सहा महिने की बारा? माझं बोट आपोआप बाराकडे गेलं. बायको मागेच उभी होती. तिने माझं मनगट धरलं आणि सहावर नेलं, लहान मुलाला पाटीवर गिरवायला शिकवतात तसं.

शुक्रवारी ती पहाटे सव्वासहाला गाडी काढून गेली. मी खिडकीतून मागचा नवा दिवा पाहिला. नेहमीपेक्षा जरा जास्तच लाल वाटला.

रविवारी बाबांचा कॉल आला. या वेळी मी ठरवलं होतं, सांगून टाकायचं. नोकरी गेली तेही, भत्ता तेही, आणि सूट मिळाली नाही तेही. बेकार आहे हे सांगितलं. "मला वाटलंच होतं," बाबा म्हणाले. "दर रविवारी शर्ट एकच असतो तुझा." मग त्यांनी पैसे पाठवू का विचारलं, मी नको म्हणालो, त्यांनी परत विचारलं, मी परत नको म्हणालो, आणि दोघांनाही बरं वाटलं. इथपर्यंत छान जमलं होतं. फक्त सूट राहिली होती. मी तोंड उघडलं तेवढ्यात बाबाच म्हणाले, "पण त्यातही घरपट्टी वेळेआधी भरलीस, सूट घेतलीस. यालाच म्हणतात माणूस. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं मी." एवढं म्हटल्यावर माझ्याने पुढे बोलवेना. मी मान हलवली. फोन ठेवला.

बायको स्वयंपाकघरात दाण्याचं कूट करत होती. मिक्सर बंद झाला.

"सांगितलंस?"

"नोकरीचं सांगितलं."

"आणि सूट?"

मी फोन चार्जिंगला लावला. तिने झाकण काढलं, कूट बोटाने चाखून पाहिलं, डब्यात भरलं, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"पुढच्या रविवारी खरं ते सांग त्यांना," ती म्हणाली. "चारातले तीन हप्ते परत आलेत. पाच नाही म्हणावं, पंचाहत्तर टक्के मिळाली."